कोयता म्हणजे दोन माणसं

माझ्या मुलानं एक भाषा तयार केली होती. माणसांनी बोलायची नव्हे, संगणकाला काम सांगायची. त्या भाषेत आज कुणी नवीन काही लिहीत नाही. तिच्यातली एक ओळ मात्र अजून चालू आहे, आणि ती चुकीची आहे.

मुलाचं नाव निवृत्ती. त्याच्या जोडीला बंकट, त्याचा कॉलेजातला मित्र, घाटनांदूरचा. दोघं पुण्यात चांगल्या नोकरीला होते. तिथं दिवसभर संगणकावर जे लिहायचे ते सगळं इंग्रजी. निवृत्ती सुट्टीला आला की म्हणायचा, "माय, कारखान्याचा काटा संगणकावर चालतो. त्यो वजन सांगतो आन आपण मान हालवतो. त्याच्या आत काय लिवलंय ते तुला वाचता आलं तर?"

मी म्हणायची, "मला वाचता आलं तर मंग काटा मारायचा कुणी?"

तो हसायचा, पण ते त्याच्या डोक्यातून गेलं नाही. दोघांनी एके दिवशी नोकरी सोडली आणि आमच्या गावी येऊन बसले. मराठी शब्दांत लिहायची, आपल्या माणसाला वाचता येईल अशी भाषा करायची, ती कुणालाही फुकट घेता यावी, बदलता यावी, असं त्यांनी ठरवलं होतं. तिचं नाव त्यांनी पेरणीच्या अवजारावरून ठेवलं, पाभर.

ते आले त्या वर्षी मृगानं हूल दिली. आषाढ कोरडा गेला. मागल्या वर्षीचा परतीचा पाऊसही आला नव्हता. जनावरं छावणीला गेली, दूध आटलं, आणि गावातल्या सहकारी दूध संस्थेच्या केंद्राला कुलूप लागलं. तिथली मोठी टाकी तेवढी उपयोगाला आली. टँकर येऊन तिच्यात पाणी ओतायचा. पुढची खोली निवृत्ती-बंकटला मिळाली. वीज होती, टेबल होतं, आणि आंबलेल्या दुधाचा वास होता. बाहेर ओट्यावर आम्ही बाया टँकरची वाट बघत घागरी घेऊन बसायचो. त्यामुळं आत काय चाललंय ते आम्हाला रोज दिसायचं.

एकदा मी विचारलं, "एवढं दिसभर काय लिवता रे?"

निवृत्तीनं मला पाभरीवरूनच सांगितलं. पाभरीच्या वर लाकडी वाटी असते, तिला चाडं म्हणतात. पेरताना बाई त्यात मूठमूठ बी सोडते, खाली नळ्या असतात, आणि बी आपापल्या तासात, म्हणजे सरीत, पडतं. मी उभा जन्म चाड्यावर मूठ धरलेली. "माझं काम चाड्याचं हाय," तो म्हणाला. "माणसानं कसंबी लिवू दे, एका दमात लिवू दे, टिंब नसू दे. ते वरून सोडायचं. खाली नाव नावाच्या तासात, गाव गावाच्या तासात, आकडा आकड्याच्या तासात पडला पायजे."

"आन बंकट काय करतो?"

"बंकट लायब्ररी करतो."

मला वाटलं, पुस्तकं येणार. बंकट म्हणाला, "पुस्तकं न्हाई, मावशी. तुमी मिरची वाटायला दर बारीला दगड फोडून नवा पाटा करता का? एकदा टाकी लावलेला पाटा घरात असतो. तसं आमी एकेक काम एकदाच करून ठेवतो. फुडं ज्याला लागंल त्यानं घ्यावं."

बंकटचा पहिला पाटा आकड्यांचा होता. दीड, अडीच, पावणेदोन, साडेतीन हे सगळं पाभरीला कळायचं. त्याचं त्याला फार कौतुक. दुसरा पाटा दिवसांचा. 'वडगावच्या बाजाराच्या दुसऱ्या दिवशी' असं लिहिलं तरी ती तारीख काढायची. तिसरा मापांचा. घागर, पोतं, मोळी, खेप, आणि कोयता.

कोयता म्हणजे नुसतं हत्यार नव्हे. ऊसतोडीला जाणाऱ्या जोडीला आमच्याकडं कोयता म्हणतात. नवरा तोडतो, बायको मोळ्या बांधून डोक्यावरून ट्रकपर्यंत नेते. माणसं कुणी मोजत नाही. "यंदा तुमच्या टोळीत किती कोयते?" असंच विचारतात. निवृत्ती उसाच्या फडातल्या कोपीत, पाचटाच्या झोपडीत, रांगला. बंकटचे आईबाप आजही जातात. त्या दोघांना कोयता कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

त्याच वर्षी सुंदररावांनी ऊसतोड मजुरांची सहकारी संस्था काढली. गावातले मोठे शेतकरी ते, दूध संस्थेचे चेअरमन तेच, या संस्थेचेही तेच. मधला मुकादम नको, संस्थाच टोळ्या थेट कारखान्याला पाठवणार, असं त्यांनी सभेत सांगितलं. लोकांना ते पटलं. दर टोळीच्या म्होरक्यानं आपली माणसं मोबाईलवर लिहून पाठवायची होती. एक जण लिहायचा, 'आमचे नऊ कोयते वडगावचा बाजार झाला की निघू'. दुसरा सगळी नावंच नावं, मधे जागासुद्धा न सोडता. संस्थेचा कारकून रामकिसन वैतागून गेला. निवृत्ती सुंदररावांकडं गेला आणि म्हणाला, आमची पाभर हे वाचून यादी काढून देईल. सुंदरराव म्हणाले, "बघू तर तुमची पाभर काय उगवती."

हे पाभरीचं पहिलं खरं काम.

आता सिंधूचं सांगते. सिंधूबाई म्हणजे आमच्या वस्तीतल्या कचरूची बायको. कचरू मागच्या हंगामात फडातच गेला. ताप अंगावर काढला, त्यातच संपला. सिंधूला एकच मुलगी, नववीतली. सिंधू हंगामाला गेली तर मुलगी अंबाजोगाईच्या वसतिगृहात राहणार आणि दहावी करणार. नाही गेली तर दोघींना सिंधूच्या भावाकडं जावं लागणार. भावानं मुलगा बघून ठेवला होता.

"मावशी," ती मला म्हणाली होती, "माझं पोट मी भरलं तर पोर माझी. भावाच्या दारात बसले तर पोर त्याची."

एकटी बाई म्हणजे अर्धा कोयता. टोळीला वाटलं तर घेतात, नाहीतर नाही. पण विठ्ठलराव म्हणून एक म्होरक्या होता, कचरूचा जुना सोबती. त्यानं कबूल केलं होतं, "वयनी, तुमचा अर्धा माझ्या टोळीत."

पोळा होऊन गेल्यावरची गोष्ट. टँकरचा पत्ता नव्हता. निवृत्तीनं मला आत बोलावलं. "माय, हे वाच बरं."

मी अक्षरं शिकले पन्नाशीत, गावात साक्षरतेचा वर्ग निघाला तेव्हा. वाचते सावकाश, पण वाचते. पडद्यावर बोट ठेवून मी मोठ्यानं वाचलं.

"कोयता म्हणजे दोन माणसं. दोन नावं मिळाली तर कोयता यादीत घे. न मिळाली तर उरलेल्यात टाक."

माझ्या मुलाचं काम मी त्या दिवशी पहिल्यांदा वाचलं. पुण्यातल्या कुठल्या आईनं वाचलं असेल?

"बराबर हाय का?" निवृत्तीनं विचारलं.

"बराबर हाय. दोनच असतेत."

सिंधू दाराला टेकून उभी होती, काखेत रिकामी घागर. तीही म्हणाली, "दोनच की. न्हाईतर काय, तीन?" आणि आम्ही सगळे हसलो. बंकट तर टेबल बडवून हसला.

माझा नवरा गेला त्याच्या आधीच आमचा कोयता सुटला होता. मी अर्धी म्हणून कधी ट्रकमधे चढले नाही. आणि सिंधूनं तोवर स्वतःला अर्धं म्हटलं नव्हतं.

दसऱ्याच्या आधी यादी निघाली. संस्थेच्या दारात फळ्यावर चिकटवली. माणसं जमली होती. रामकिसन कारकून सगळ्यांना सांगत होता, "आता माझ्या नावानं बोंबलू नका बे, समदं कंप्युटरनं केलंय." सिंधूला वाचता येत नाही. ती माझ्या दंडाला धरून म्हणाली, "मावशी, माझं वाचा."

मी विठ्ठलरावांची टोळी शोधली आणि बोट खाली खाली नेलं. आठ जोड्या होत्या. शेवटपर्यंत गेले, परत वर आले, परत खाली गेले.

"न्हाई का?" सिंधू म्हणाली.

"थांब, माझी नजर लागत नसंल."

नजर लागत होती. मी तिला घेऊन केंद्रात आले. निवृत्तीनं विठ्ठलरावांचा संदेश काढला. त्यात स्वच्छ लिहिलं होतं, साडेआठ कोयते, आणि शेवटी सिंधूचं नाव. बंकट म्हणाला, "साडेआठ तर पाभरीला कळतंय. मंग गेली कुठं?" मग त्यानं उरलेल्यांची यादी उघडली.

चांगली लांब होती. सिंधू होती. चिंचोलीच्या बाजूची एक होती, तिकडच्या वस्तीवरची केशरबाई होती. नवरा मेलेल्या, नवऱ्यानं टाकलेल्या. उरलेल्यात सगळ्या बायाच होत्या.

निवृत्तीनं ती कोयत्याची ओळ परत पडद्यावर आणली. मग म्हणाला, "माय, तू वाचलं व्हतंस."

"वाचलं व्हतं. मला बराबरच वाटलं."

"मलाबी," सिंधू म्हणाली. ती रागावली नव्हती, तेच मला बघवलं नाही.

बंकट म्हणाला, "आपण अर्धा आकडा शिकवला, बे. अर्धा माणूस शिकवायचा राह्यला."

चूक काढायला फार वेळ लागला नाही. 'कोयता म्हणजे दोन माणसं, किंवा एक,' असं निवृत्तीनं लिहिलं. पुन्हा सगळे संदेश चाड्यातून सोडले. यादी आली, आणि विठ्ठलरावांच्या टोळीत नववी ओळ आली, सिंधूबाई कचरू. मी ती तिला दाखवली. तिनं त्या अक्षरांवरून बोट फिरवलं. निवृत्ती कागद घेऊन निघाला तशी मीही त्याच्या मागं निघाले.

सुंदरराव संस्थेत खुर्चीवर बसले होते. त्यांनी दोन्ही याद्या शेजारी ठेवून पाहिल्या.

"लई बेस काम केलं, निवृत्ती. पण ही पहिली हाय तीच राहू दे."

"आबा, ती चुकीची हाय."

"कशी काय चुकीची? कारखान्याकडं यंदा ऊस न्हाई. त्यांनीच सांगितलं, कमी माणसं द्या. मी कुणाला काढू? नावं माझ्या तोंडून निघाली असती तर या समद्या बाया माझ्या वट्यावर येऊन बसल्या असत्या. केशरबाई तर बसलीच असती, तिचं तोंड तुला माहीत हाय. आता कुणी येत न्हाई. मशीननं काढलं."

"मशीननं न्हाई आबा. चूक माझी हाय. मी लिवली."

सुंदरराव हसले. वाईट हसले असं मी म्हणणार नाही, दमलेला माणूस हसतो तसे हसले. "मंग तर लईच चांगलं. ना माझी, ना रामकिसनची."

"मी ती काढून घेतो."

"कशी काढून घेशील? भर सभेत तूच म्हनला व्हतास, ही भाषा समद्यांची, ज्याला पायजे त्यानं घ्यावी. रामकिसननं घेतली. आता परत कावून मागतो?" मग माझ्याकडं वळून म्हणाले, "भिमाबाई, पोरगं हुशार हाय तुमचं. इथं कावून ठेवलंय वाळत?"

बाहेर आल्यावर निवृत्ती उन्हात उभा राहून कागदाची घडी घालत होता आणि उलगडत होता.

रस्त्यानं येताना माझ्या डोक्यात ती ओळ फिरत होती. मी ती पाठ केली होती, वर्गात पहिला धडा पाठ केला होता तशी. दोन नावं मिळाली तर कोयता यादीत घे. त्यात नवरा-बायको लिहिलेलं नव्हतं. बाप्या-बाई लिहिलेलं नव्हतं. वय तर नव्हतंच.

केंद्रात येऊन मी बंकटला म्हटलं, "सिंधूच्या नावाला माझं नाव जोड."

"मावशी, तुमी?"

"मी माणूस न्हाई का? दोन माणसं झाली."

निवृत्ती म्हणाला, "माय, येडी झालीस का? तुझे गुडघे."

"गुडघे यादीत कुठं लागतेत?"

बंकट आधी हसला, मग त्यानं विठ्ठलरावांना फोन लावला. ते आधी नाहीच म्हणाले. टोळी सगळ्यांच्या जोरावर चालते, एक कोयता मागं पडला की सगळ्यांचा ट्रक रिकामा राहतो. शेवटी म्हणाले, "चढून बसा, आत्या. फुडचं फुडं बघू. कचरूच्या नावानं घेतो." त्यांनी पुन्हा संदेश पाठवला. रामकिसनच्या संगणकावर जुन्याच पाभरीनं तो मुकाट वाचला. सिंधूबाई कचरू, भिमाबाई रामा. कोयता पूर्ण. यादीत.

ते चार-आठ दिवस आमचे चांगले गेले, खोटं कशाला सांगू. सिंधूनं मुलीला वसतिगृहात नेऊन सोडलं. आल्यावर तिथल्या खाटांचं, वरच्या पंख्याचं सांगत राहिली. मी माझा जुना कोयता दगडावर घासला. निवृत्ती माझ्याशी बोलत नव्हता.

ट्रक आला तो भर सकाळी, वडगावच्या रस्त्याला. बायाबापे, पोरं, पत्र्याच्या पेट्या, कोंबड्या, शेळ्या, सगळं वर चढत होतं. सिंधू आधी चढली. तिनं माझं गाठोडं वर घेतलं आणि हात खाली दिला.

"या, मावशी."

मी चाकावर पाय ठेवला. दुसरा उचलायला गेले तर गुडघा वळेना. मागून एका बाईनं रेटा दिला. वरून सिंधूनं ओढलं. मी लोंबकळले आणि खाली आले. परत पाय ठेवला, परत तसंच. ड्रायव्हर हॉर्न देत होता. कुणीतरी वरून ओरडलं, "आजीबाईला पोत्यात घालून टाका वर!" आणि सगळे हसले. मीही हसले. तिसऱ्यांदा पाय ठेवला तेव्हा कुणी हसलं नाही.

विठ्ठलराव खाली उतरले. त्यांनी मला उचलायला हात पुढं केले. उचललं असतं त्यांनी, मी काही जड नाही. पण त्यांनी सिंधूकडं बघितलं. सिंधू माझ्याकडं बघत होती. फडात मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकमधे चढायचं असतं, दिवसभर. हे आम्हा तिघांनाही ठाऊक होतं.

"ही एकटी आली तर?" मी विचारलं.

"आत्या, यादीत जोडी हाय. कारखान्यावर दोघींचा कोयता म्हणून काम देतेत. एकीनं दोघींचं कसं वढावं? आन टोळीनं तरी किती दिस वढावं?"

सिंधूनं माझं गाठोडं खाली टाकलं. मग तिचं स्वतःचं टाकलं. मग ती उतरली. कुणी तिला उतर म्हणालं नाही.

"चला मावशी," ती म्हणाली, "ऊन व्हायलंय."

ट्रक गेल्यावर आम्ही दोघी रस्त्याच्या कडेला लिंबाखाली बसलो. मी म्हटलं, निवृत्तीला सांगून दुसरं काहीतरी करू. ती म्हणाली, "तेला काय बोलू नका. तेनं नीट केलं व्हतं. माझं नाव आलं व्हतं, मी बघितलं."

त्याच आठवड्यात ती अंबाजोगाईला गेली, मुलीला वसतिगृहातून काढलं आणि तिकडूनच भावाकडं गेली. उन्हाळ्यात मुलीचं लग्न झालं. मला बोलावणं होतं. मी गेले नाही.

बंकट दिवाळीआधी पुण्याला परत गेला. जाताना म्हणाला, "मावशी, पाटा इथंच ठेवून चाललोय." निवृत्ती आणखी काही महिने त्या खोलीत एकटा बसला. दुरुस्त केलेली पाभर त्यानं चार-पाच संस्थांना नेऊन दाखवली. कुणी घेतली नाही. त्यांना रामकिसनकडची हवी होती. जी आपोआप अर्धे काढते ती. ती त्यांनी रामकिसनकडून घेतली, एकाकडून दुसऱ्यानं, फुकट. निवृत्तीनं बंद करा म्हणून सांगितलं तर म्हणायचे, तुमचीच तर भाषा हाय, साहेब. मग तोही पुण्याला गेला. आता तो इंग्रजीत लिहितो. फोनवर पावसाचं विचारतो, पाभरीचं नाव काढत नाही.

पुढच्या वर्षी मी वडगावच्या बाजाराला गेले होते. तिथल्या संस्थेच्या दारात यादी लावली होती, भोवती माणसं. एक बाई कडेला उभी होती. तिशीची असेल. कपाळ मोकळं. माझ्या डोळ्यावर चष्मा बघून जवळ आली.

"आजी, वाचता येतं का तुमाला? माझं नाव बघता का?"

मी तिला नाव विचारलं. सोबत कोण आहे, हे विचारलं नाही. यादीवर बोट ठेवलं आणि सगळ्यात वरच्या ओळीपासून वाचायला लागले, सावकाश, एकही ओळ न गाळता, कारण मी वाचत होते तोवर ती माझ्या शेजारी उभी राहणार होती.